आमच्या ह्यांचं शेवटचं वर्ष

आमचे हे नोकरी सोडण्यात फार पटाईत. दरवर्षी सोडायचे.

खोटं नाही सांगत. परदेशातल्या त्या शाळेत ह्यांना जितके निरोपसमारंभ झाले, तितके दुसऱ्या कुणाला सात जन्मांत व्हायचे नाहीत. गेलो होतो दोन वर्षांसाठी. हे गणिताचे शिक्षक आणि मी त्यांची बायको, एवढंच सामान घेऊन. शाळेनंच घर दिलं होतं. दोन खोल्या, पलंग शाळेचा, कपाट शाळेचं, पडदेसुद्धा शाळेचे आणि तेही करडे. भिंतीला खिळा मारायचा नाही असा नियम. त्यामुळे मुलीचे फोटो वर्षानुवर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. पडदे बदलू या का म्हटलं, की हे म्हणायचे, "आता कशाला? शेवटचंच वर्ष आहे." धड जेवणाचं टेबल घ्यायचं नाही, कारण शेवटचं वर्ष. मुलगी तिकडेच झाली, तिथल्या शाळेत गेली, मग कॉलेजात गेली, लग्न होऊन तिसऱ्याच देशात गेली. आमचं शेवटचं वर्ष आपलं चालूच.

मला घरी जायचं होतं. एवढी एकच गोष्ट हवी होती मला, दुसरं काही नाही. आपल्याकडे आम्ही घर घेऊन ठेवलं होतं आणि त्या घरात मी एक सुट्टी सोडली तर कधी राहिलेच नव्हते. शेजारच्याच गल्लीत माझी ताई राहते. तिचे यजमान गेल्यापासून एकटीच. म्हातारपण दोघींनी बरोबर काढायचं हे आमचं ठरलेलं होतं. किल्ली तिच्याकडेच असायची, गुडघे धरत धरत जाऊन ती खिडक्या उघडून यायची. "यंदा येतोय गं," असं मी तिला सांगायचे आणि ती बिचारी पाण्याची टाकी धुऊन घ्यायची. किती वेळा धुतली असेल ती टाकी! आम्ही न राहताच चकचकीत.

ह्यांची पद्धत सांगते. तिथे शिक्षकांचा करार वर्षावर्षाचा. वर्ष मध्यावर आलं, की पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार याची विचारणा व्हायची. त्या आठवड्यात हे अंघोळीनंतर आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहायचे. मग इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या साहेबांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचे, चष्मा काढून हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, आता थांबावं म्हणतो." मोठे साहेब लगेच खुर्चीतून उठत. दार लावून घेत. कॉफी मागवत. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तुम्ही गेलात तर दहावीचं गणित कोण सांभाळणार?"

झालं! ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. तरी लगेच हो म्हणायचं नाही. भाव खायचा. शिक्षकांच्या खोलीत जाऊन जाहीर करायचं, की मी चाललो. मग केक यायचा, भाषण व्हायचं, भेट मिळायची, दोन बायका डोळे पुसायच्या. आणि समारंभ आटोपला, की एखाद्या संध्याकाळी हे चेहरा पाडून घरी यायचे आणि बूट काढता काढता म्हणायचे, "काय करणार? सोडत नाहीत गं!"

पहिल्या वेळी मी खरंच मानलं. घरातलं कपडे धुण्याचं मशीन भूगोलाच्या सरांच्या बायकोला देऊन टाकलं. पुढे ते मागायचं कसं? मग दर रविवारी बादलीभर कपडे घेऊन तिच्याच घरी जाऊन माझ्याच मशीनमध्ये धुवायचे मी. मशीन फिरेपर्यंत गप्पा. अशाच एका रविवारी ती सहज म्हणाली, "आमचे हेसुद्धा यंदा सोडत होते हो. पण मोठे साहेब म्हणाले, तुम्ही गेलात तर दहावीचा भूगोल कोण सांभाळणार?" मी कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणतात कसे, "त्यांना उगीच म्हणाले असतील. भूगोल काय, कुणीही सांभाळेल."

आता इतकी वर्षं एकाच माणसाला निरोप द्यायचा, तर लोक तरी काय करणार? पहिल्यांदा भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ मिळालं. ते परत द्यावं का, असं मी विचारलं, तर "त्यांना वाईट वाटेल." नंतर पेन आलं. त्यानंतर नुसतं फूल. शेवटी शेवटी तर केकही बंद झाला, बिस्किटांचा पुडा फिरायचा. भाषण मात्र तेच. "या शाळेनं मला काय दिलं, असं मला कुणी विचारलं तर..." कुणी म्हणजे कुणी विचारलेलं नसायचं. खेळाचे सर मागच्या रांगेत बसून ह्यांच्याबरोबर ओठ हलवायचे. सगळं पाठ होतं त्यांना, कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं. मी तोंडाला पदर लावून बसायचे आणि लोकांना वाटायचं, बाईंना भरून आलं.

मग मोठे साहेबच निवृत्त झाले. खरोखरचे. एकदा सांगितलं आणि गेले. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. वयानं ह्यांच्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा, चालायच्या भरभर, बोलायच्या मोजकं. हे आपले नेहमीप्रमाणे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. चष्मा काढला. म्हणाले, "बाई, आता थांबावं म्हणतो."

नव्या बाई म्हणाल्या, "अभिनंदन! तुमच्या जागी माणूस शोधायला लागते."

बस. दार लावलं नाही, कॉफी नाही, खांद्यावर हात नाही. हे घरी आले ते भर दुपारीच, बूट न काढता पलंगावर बसले.

"काय झालं?"

"सोडलं," हे म्हणाले.

मला इतका आनंद झाला, काय सांगू! आणि ह्यांच्याकडे बघून तितकंच वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंद जास्त होता. मी तशीच उठून वरच्या फळीवरचे खोके खाली काढले.

पुढचे काही महिने ह्यांनी गावभर हिंडून आपण जाणार असल्याचं सांगितलं. कुणीतरी अरेरे म्हणावं, एवढीच अपेक्षा. भूगोलाचे सर म्हणाले, "हो का? वा!" खेळाच्या सरांनी विचारलं, "नेहमीचं की खरं?" शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग उद्या भेटूच." दहावीच्या वर्गात हे फळ्याकडे पाठ करून गंभीरपणे म्हणाले, "मुलांनो, पुढच्या वर्षी मी नसेन." एका मुलीनं हात वर केला. ह्यांना वाटलं, रडते आता. तिनं विचारलं, "सर, हे परीक्षेत येणार का?"

रात्री जेवताना हे मला ते सांगायचे आणि हसायचे. हसायचे म्हणजे ओठ फाकवायचे नुसते. घास तसाच ताटात. मला चीड यायची. अहो, ज्या घरात आपण एक खिळा मारू शकलो नाही, तिथल्या लोकांनी आपल्याला धरून ठेवावं म्हणून हा माणूस झुरतो, आणि तिकडे माझी ताई खिडक्या उघडून बसलीय, तिचं कुणाला काही आहे का! पण असलं काही मी बोलून दाखवलं नाही. म्हटलं, जाऊ दे, निघतोय ना, मग कशाला उगाच तोंड वाजवा.

समारंभ झाला. बाईंनी नियमानं केक आणला. भाषणाला ह्यांनी सुरुवात केली, "या शाळेनं मला काय दिलं..." आणि मध्येच थांबले. मागच्या रांगेत खेळाचे सर ओठ हलवत नव्हते. ते आलेच नव्हते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हे "आभारी आहे" म्हणून खाली बसले. त्या क्षणी मला ह्यांची फार दया आली. सगळ्यांच्या देखत हात धरला मी ह्यांचा, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

आणि आता ऐका. सामान बांधून झालं होतं. मशीन तर पहिल्यापासूनच भूगोलवाल्या वहिनींकडे होतं. तिकिटं हातात. दोन दिवस राहिले असतील, तर दारात नव्या बाई! बसायला खुर्ची नव्हती, म्हणून एका खोक्यावर बसल्या. ह्यांच्या जागी जो शिक्षक येणार होता, त्याला त्याच्या घराजवळ नोकरी मिळाली आणि त्यानं ऐन वेळी तोंडाला पानं पुसली होती.

"सर, एकच वर्ष," बाई म्हणाल्या. "शाळा उघडायला आली. दहावीला गणित शिकवायला माझ्याकडे माणूस नाही. तुम्ही गेलात तर..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. कणा ताठ झाला, रंग परतला, दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला माणूस. हात हळूच चष्म्याकडे गेला. चष्मा काढला. आणि माझ्याकडे वळून, चेहरा पाडून म्हणतात कसे, "आता काय करायचं गं?"

"तुम्ही राहा," मी म्हटलं. "मी निघते."

ह्यांना वाटलं, थट्टा करते. बाईंनाही तसंच वाटलं असावं, त्या हसल्या. मी नाही हसले. विमानतळावर बॅगा ढकलताना हे म्हणत होते, "अगं, हे शेवटचंच, शपथ." मी म्हटलं, "गोळी जेवणाआधी घ्यायची, जेवणानंतर नाही." दुसरं काय बोलायचं? आत गेल्यावर मात्र मी खूप रडले. शेजारच्या खुर्चीवरच्या कुणा बाईंनी पाणी दिलं.

घरी येऊन बरंच झालं म्हणायचं. पहिल्याच दिवशी हिरवे पडदे आणले. ताई आणि मी सकाळी चालायला जातो, म्हणजे मी चालते, ती बाकावर बसून मला सूचना करते. लोक विचारायचे, "सर नाही आले?" मी सांगायचे, "सोडत नाहीत." आणि सांगताना मलाच जीभ चावावीशी वाटायची.

ह्यांचा रोज फोन. मीठ कुठे ठेवलंय, भात किती शिट्ट्या, कॉलर कशी घासायची. मग म्हणायचे, "तिकडे बरं आहे ना?" मी म्हणायचे, "मजेत." इकडे दोन कप चहा टाकून बसायचे मी सवयीनं आणि दुसरा ताईला पाजायचे. संध्याकाळी तिला घरी सोडून आले, की ते घर मला खायला उठायचं. ज्या घरासाठी जीव टाकला, तेच घर.

वर्ष मध्यावर आलं. विचारणेचा आठवडा मला बरोबर माहीत. मी कान टवकारून बसले, की आता म्हणतील, थांबावं म्हणतो. आठवडा गेला, महिना गेला, हे ताकास तूर लागू देईनात. मीठमिरचीच्या चौकश्या चालू. मी काय समजायचं ते समजले. ह्या वेळी सोडायचं नाटकसुद्धा केलं नाही, सही करून मोकळे झाले! ताई म्हणाली, "तू तरी विचार की." मी म्हटलं, "माझं अडलंय खेटर." आणि त्यानंतर फोनवर हो-नाही एवढंच बोलायला लागले.

शाळेला सुट्टी लागली त्या सुमाराची गोष्ट. दुपारची वेळ, मी कपडे वाळत घालत होते. बेल वाजली. दार उघडलं तर हे. घामाघूम, हातात दोन बॅगा, केस वाढलेले. किती वाळले होते!

माझ्या तोंडून आधी काय निघावं? "किती दिवसांची सुट्टी?"

"सुट्टी नाही," हे म्हणाले.

मला उमगेना. आणि उमगलं तेव्हा आधी रागच आला. "मग एक फोन करायला काय धाड भरली होती?"

"केला असता, तर तू खरं मानलं असतंस?"

नसतं मानलं.

"निरोपसमारंभ झाला का?" मी विचारलं. सवय हो, दुसरं काय.

"नाही. कुणाला सांगितलंच नाही. नव्या बाईंना सांगावं लागतं म्हणून सांगितलं, तेही त्यांना म्हटलं, कुठे बोलू नका. शेवटचा तास घेतला, फळा पुसला आणि निघालो."

"अहो, इतक्या वर्षांची नोकरी! पोरांना तरी सांगायचं."

हे उंबऱ्याबाहेरच उभे होते, बॅगा अजून हातातच. मी बाजूला झाले नव्हते ना.

"सांगितलं असतं, तर कुणीतरी म्हणालं असतं, सर, नका जाऊ," हे म्हणाले. "आणि मी राहिलो असतो गं."