कापसाच्या आरपार

त्या साली कापसाचा भाव असा पडला, की घाटंजीच्या पंचफुलाबाईंनी मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरून ठेवली. तिथं काडीपेटी नाही, बिडी नाही, विजेची वायर तर मुळीच नाही. रोज सकाळी बाई कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात खुपसत. आत ऊब लागली, की कापूस तापला म्हणून समजायचं. तीस वर्षांत तो हात कधी चुकला नव्हता.

जानेवारीत त्यांची लेक मोनाली पुण्याहून टीव्हीवर खेळायची पेटी घेऊन आली. नात पायल परीक्षेसाठी पुण्यातच राहिली होती. मोनालीला इथून तिच्याशी खेळायचं होतं. पण टीव्ही पुढच्या खोलीत आणि वायफायचा डबा मागच्या.

“माह्या कापसातून वायर जाणार नाही!” बाईंनी बजावलं.

“वायर लागतच नाही, माय. ते कापसातून आरपार येते.”

“आरपार?” बाई ताडकन उठल्या. “थांब! मी म्हनल्यावरच लाव.”

मधल्या खोलीत जाऊन त्यांनी गंजीत खांद्यापर्यंत हात घातला. “हं, लाव!”

मोनालीनं पासवर्ड टाकला. बाईंनी श्वास रोखला. कापूस थंडगार. ना ऊब, ना झिणझिणी. एक सरकीसुद्धा हलली नाही. आणि पुढच्या खोलीतल्या टीव्हीतून पायलचा आवाज खणखणला, “आजी, ऐकू येतंय का?”

बाईंनी हात बाहेर काढलाच नाही.

“पायल वं,” त्या हळूच म्हणाल्या, “माह्या हाताच्या आरपार गेली तू. अजून एकदा बोल.”