बाबांच्या रेझरचा सौदा

बाबांचा रेझर माझ्याइतका नीट आमच्या घराण्यात कोणी ठेवला नसता, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. दाढी झाली की मी तो लगेच खोलतो. ब्लेड धारेखाली धरून नुसतं झटकायचं, पुसायचं नाही. पुसताना बोटही जातं आणि धारही. मग जुन्या टूथब्रशवर भांड्यांच्या साबणाचा थेंब घेऊन फटीत बसलेला फेस काढायचा, सगळं कोरडं करायचं आणि बाथरूमच्या वाफेत न ठेवता खिडकीत ठेवायचं. अधूनमधून मुठीच्या आट्यांना तेलाचं बोट. आमच्या बोरिवलीच्या इमारतीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, त्याचा पांढरा थर धरतो. तो काढायला पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रेझर बुडवतो, पण शेजारीच उभा राहतो. पेपर वाचायला गेलात की संपलं. हा रेझर आतून पितळेचा आहे, वर निकेलचा मुलामा आहे, आणि मुलाम्याला आंबट फार वेळ सोसत नाही.

हे मला धंद्याने शिकवलं. घाटकोपरला माझं नळ, कॉक आणि शॉवरचं दुकान आहे. आधी दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलली, मग स्वतःचं शटर उघडलं. चमकणारा नळ हातात घेतला की आत पितळ आहे की भलतंच काही, ते मला वजनावरून कळतं. विकणाऱ्याने गोड बोलून उलटं सांगितलं, तर बाजूच्या तीन दुकानांना ऐकू जाईल असं मी त्याला सुनावतो. आवाजाची मला लाज नाही. त्याच आवाजावर दुकान चाललंय.

बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या दुपारी दादाने, माझ्या मोठ्या भावाने, त्यांचं दाढीचं सामान एका पिशवीत भरलं. गेलेल्या माणसाचं असलं सामान घरात ठेवत नाहीत, खाडीत सोडून येतो, म्हणाला. मी पिशवीत हात घातला आणि रेझर काढून घेतला. बाकीचं गेलं. त्याच दुपारी बाबांचं मुलुंडचं घर दादाकडे राहील हेही ठरलं. ठरलं म्हणजे दादा बोलला आणि जमलेल्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "तुला काय कमी आहे?"

हे वाक्य माझ्या घशात अजून अडकलेलं आहे. मी राबून उभा राहिलो, म्हणून माझा वाटा गेला. बसून राहिलो असतो तर मिळाला असता, असाच त्याचा अर्थ. आजही एखादं गिऱ्हाईक "शेठ, तुम्हाला काय कमी आहे" म्हणत भाव पाडायला लागलं, की मी त्याला एक पैसा सोडत नाही.

बाबा फिटर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांचे पाने, हातोडी, कानस, आणि सगळ्यात पुढे हा रेझर. बाबा म्हणायचे, बाकीची हत्यारं कारखान्यात आठवड्याची सुट्टी घेतात, हे घेत नाही. पाटावर ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. पूजा अजून दादाकडेच असते. म्हणून दरवर्षी मी रेझर मुलुंडला नेतो, रात्रभर तिथे ठेवतो आणि दसऱ्याला दाढीचे खुंट वाढवून तो आणायला जातो. परत आल्यावर आट्यांत गेलेलं कुंकू ब्रशने काढत बसतो.

यंदा मी पोचलो, रेझर ओट्याजवळ ठेवला आणि दादाबरोबर बाहेर फुलं निवडत बसलो. आत वहिनी समई, ताम्हण घासत होत्या. थोड्या वेळाने गेलो तर त्यांच्या हातात रेझर, चिंचेचा कोळ आणि काथ्या. ब्लेडवरच्या टोपीच्या एका कोपऱ्यावरून मुलामा निघून पिवळं पितळ दिसत होतं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. वहिनींनी शांतपणे नळ बंद केला. "भावोजी, पितळ चिंचेनेच निघतं. बघा तरी, सोन्यासारखं झालंय."

"सोन्यासारखं दिसतंय म्हणजेच वाट लागली, वहिनी."

वहिनी म्हणाल्या, एवढा जीव होता तर डबीत घालून गळ्यात बांधायचा होता. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. आमच्या घरात माझ्यावर मात करणारी ती एकच बाई आहे.

पूजा झाली. प्रसाद खाताना दादाने विषय काढला. इमारत पाडायला जाणार, बिल्डरचं सगळं पक्कं झालंय, दिवाळीनंतर भाड्याच्या जागेत जायचंय. पाने, हातोडी तो ठेवणारच होता, पण ती बाबांच्या कारखान्यातली. बाबा घरात जिथे दाढीला उभे राहायचे ती मोरी, तो आरसा, ती खिडकी, सगळं तुटणार. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रेझर इथेच राहू दे."

जो खाडीत सोडायला निघाला होता, तो आता मागत होता. गिऱ्हाईक असं स्वतःहून आलं की मी घाई करत नाही. मी किंमत सांगितली. पैसे नकोत. घरात माझा वाटा होता, एवढं त्याने तोंडाने म्हणायचं.

दादा उठून गॅलरीत गेला. मी चप्पल घातली.

जाताना स्टेशनजवळच्या दुकानातून मी एक नवा स्टीलचा रेझर घेतला, घासाघीस करूनच. सौद्याला जाताना खिशात दुसरा माल असला की आवाज आपोआप चढा लागतो.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. दादाने आपट्याची पानं हातात ठेवली आणि माझा हात सोडला नाही. "वाटा होता तुझा," म्हणाला. मग त्याने पुढे जोडलंच, "पण तू मागितला नाहीस."

"मागायला लागतो, त्याला वाटा म्हणत नाहीत, दादा."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, दोघं भांडा, पण श्रीखंड वितळतंय.

मी विचार केला. त्याने अर्धी किंमत दिली होती. अर्ध्या किमतीला पूर्ण माल मी कोणाला दिलेला नाही, पण आलेली अर्धी किंमत परतही केलेली नाही. पाटावरून रेझर उचलला, खोलला. नवाही खिशातून काढून खोलला. बाबांची मूठ, जिच्यावरची खरखरीत नक्षी त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाली आहे, तिला नव्याचं ब्लेड धरणारं डोकं लावून बघितलं. आटे जुळले. ते दादाच्या हातात दिलं. बाबांच्या रेझरचं डोकं, कोपरा गेलेलं, नव्या मुठीवर चढवून मी खिशात टाकलं.

दादा मूठ बोटांत फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, हे धुवायचं कसं. मी सांगितलं, आणि चिंचेचं नाव पुन्हा काढलंत तर मूठही घेऊन जाईन असं स्वयंपाकघराकडे बघून सांगितलं. आतून ताटं जरा जोरात मांडली गेली.

दादाला वाटतं सौद्यात तो जिंकला, मूठ त्याच्याकडे आहे. वाटू दे. उघड्या पडलेल्या पितळावर मी आता दाढी झाल्यावर फडक्याने वेगळा हात फिरवतो, नाहीतर ते काळं पडतं. "पण" न लावता पूर्ण वाक्य बोललास तर डोकंही आणून देईन, असं मी त्याला निघताना जिन्यात सांगून ठेवलंय. त्याने दिवा लावून धरला फक्त, मी खाली पोचेपर्यंत.