गुरुवारची शुगर

दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मोबाईल वाजला की आजही मी हातातलं काम टाकून आधी तो उचलते. फोन कुणाचाही असो, डोळ्यांपुढे आधी मुलीची शाळा येते.

मुलगी अकरा वर्षांची आहे. आठव्या वर्षी तिला मधुमेह झाला, लहान मुलांना होतो तो, इन्सुलिनशिवाय न चालणारा. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, दिवसातून चार वेळा बोट टोचून शुगर बघायची आणि वेळेवर खायचं. इंजेक्शन घेऊन खाल्लं नाही तर शुगर घसरते, फार घसरली तर मूल बेशुद्ध पडतं. डॉक्टरांनी हे अगदी शांतपणे सांगितलं होतं. मी मात्र त्या दिवसापासून शांत राहिलेच नाही. ती बाथरूममध्ये गेली की मी बाहेरून हाका मारते, आणि ओ यायला जरा उशीर झाला की दार बडवते. नवरा म्हणतो, "अगं, पोरीला श्वास घेऊ दे." त्याला म्हणायला काय जातं? तो सकाळी कंपनीच्या बसने जातो तो संध्याकाळी उगवतो.

लोकांचं तर विचारूच नका. धीर द्यायला येणारा माणूस हमखास पेढे घेऊन येतो. लोणावळ्याची माझी नणंद दर वेळी चिक्की आणते, आणि दारात आल्यावर आठवण झाली की पिशवी पदराआड धरते. मुलगी तिला हसते. मला हसू येत नाही.

मागच्या थंडीत एक नवल घडलं. शाळेतून आल्यावर तिची शुगर एरवी अडीचशेच्या आसपास असायची. एका गुरुवारी ती एकशे वीस आली. पुढच्या गुरुवारी एकशे दहा, तिसऱ्या गुरुवारी त्याहून जरा कमी. गुरुवारी मी डब्यात मटकीची उसळ देते, मला वाटलं उसळीचा गुण. सासूबाई दर गुरुवारी उपास करून शिरगावला बाबांच्या मंदिरात जातात, त्यांना वाटलं बाबांचा गुण. "बाबांनी ऐकलं गं, तू उगाच लय काळजी करतीस," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्या तीन संध्याकाळी मला खरंच हलकं वाटलं होतं. आकडा बघून मी हसले, लेकीला जवळ घेतलं, एकदा तर भाकऱ्या थापताना गुणगुणलेसुद्धा.

चौथ्या गुरुवारी अडीच वाजता फोन आला.

वडगावला तहसील कचेरीसमोरच्या एका दुकानात मी लोकांचे दाखल्यांचे फॉर्म भरून देते. समोर एक म्हातारे आबा बसले होते. फोनवर मुलीच्या वर्गशिक्षिका होत्या. "खेळाच्या तासाला पळता पळता खाली बसली ती. घामाने भिजलीय, नीट बोलत नाहीये. लवकर या." मी उठले तशी आबा म्हणाले, "जा बाय तू. माजं काय, उद्या बी व्हईल." बाहेर स्कूटीला किल्ली लागेना. मागून आलेल्या आबांनी ती माझ्या हातातून घेऊन लावून दिली.

शाळा पाच मिनिटांवर आहे. त्या पाच मिनिटांत, ती गेली असेल तर आता घरी काय सांगायचं, हे मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. कुठल्या आईच्या मनात असं येतं? त्याची मला अजून लाज वाटते.

व्हरांड्यात सतरंजीवर तिला कुशीवर झोपवलं होतं. डोळे उघडे होते, पण मी कुणी परकी बाई असावी तशी ती माझ्याकडे बघत होती. मीच शिकवून ठेवल्याप्रमाणे वर्गाच्या बाई तिच्या गालाच्या आतून ग्लुकोजची पावडर चोळत होत्या. मी बोट टोचलं. अडतीस. मग मीही चोळत बसले, एका हाताने तिचा हात धरून. तो हात गार पडला होता. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"आई, घाबरू नकोस," ती म्हणाली.

शुगर नव्वदच्या पुढे गेल्यावर मी तिच्या दप्तरातून डबा काढला. चपात्या जशाच्या तशा, उसळ जशीच्या तशी. माझा तोल गेला. "जीव घेणार आहेस का माझा?" असं मी तिला बाईंसमोर ओरडून विचारलं. तिला!

डॉक्टरांकडे जाऊन आम्ही घरी आलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "का गं बाय, डबा का न्हाई खाल्ला?"

"गुरुवार होता ना आज्जी. माझा उपास होता."

सासूबाईंचा हात तिच्या केसांत थांबला. "म्या कवा सांगितलं तुला उपास कराया?"

"तू नाही. मीच नवस बोलले, पाच गुरुवारांचा. सकाळी आई समोर उभी असते म्हणून तेवढं खायचे. तेवढं चालत असेल बाबांना. डबा मैत्रिणीला द्यायचे. आज ती आली नव्हती."

सासूबाई रडायला लागल्या. मी तिच्यासमोर बसले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "बाळा, नवसाने मधुमेह जात नाही."

"मधुमेहासाठी नव्हताच तो," ती म्हणाली. "तुझी भीती जाऊ दे म्हणून होता. आणि जात होती की. तीन गुरुवार तू हसलीस."

जेवणाची वेळ झाली होती, म्हणून मी उठून मशीन आणलं आणि तिचं बोट टोचलं. आकडा यायला पाच सेकंद लागतात. ती मशीनकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. तीन वर्षं ती दर वेळी तिकडेच बघत आली असणार. माझी नजर मशीनवर असायची, म्हणून मला ते कधी दिसलं नाही.