वेताची रिंग

डिसेंबरातला दुसरा रविवार. हजर: बाबा, आत्या, गाडी चालवायला माझा नवरा आणि मी. सकाळी सहाला अमरावती सोडली, परतवाड्याला नाश्ता केला आणि साडेनऊला चिखलदरा गाठलं. स्वेटर, बाबांच्या गोळ्या, घाटात आत्याला मळमळतं म्हणून आलेपाक, माझ्या वहीतल्या यादीत सगळ्यावर खूण झाली होती. यादीत नव्हतं ते एक पोतं. बाबांनी ते अकोटच्या घरून येतानाच आणलेलं, आणि डिकीत न टाकता मांडीवर घेऊन बसले होते. परतताना भाजी भरायची असेल, असं मी धरून चालले.

बागेतली छोटी गाडी दरीच्या काठाने फिरते. आत्या हौसेने बसली. बाबा नुसते रुळांकडे बघत उभे.

"चाल ना दादा! जन्मभर दुसऱ्याच्याच गाड्या सोडल्या तू."

"ही बागेतली हाय. मले ती दुसरी पाह्यची."

ती दुसरी म्हणजे अकोला-खंडवा मीटरगेज, पण लाकडाची. बाबा त्या मार्गावर पॉइंट्समन होते. मेळघाटातला तो भाग बंद झाला, आणि एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी इथे घराच्या दोन खोल्यांत तो हुबेहूब उभा केला आहे, असं वाचून मी ही सहल ठरवली.

सरांच्या घरी त्यांचं काम बघून मी वही बंदच केली. डोंगर वर्तमानपत्रांच्या लगद्याचे, झाडी घोसाळ्याच्या जाळीची, रुळांखालचे स्लीपर झाडूच्या काड्यांचे. धुळघाटाला रूळ डोंगराभोवती वळून स्वतःच्याच वरून जातात, ते वळणही अचूक. बाबांचं स्टेशन तर पाण्याच्या माठासकट होतं. बाबांनी वाकून माठ बघितला आणि म्हणाले, "लिंबाच्या सावलीतच ठेवला. बरोबर."

सर खुलले. "चालू करू का काकाजी?" त्यांनी बटण दाबलं, गाडी निघाली, बाबांच्या स्टेशनात शिरली आणि न थांबता पुढे चालली.

"थांबवा! टोकन कुठं हाय?"

सरांनी घाबरून बटण सोडलं.

एकेरी मार्गावर पुढचा टप्पा मोकळा असल्याची खूण म्हणजे टोकन, मुठीएवढा लोखंडी गोळा. तो चामड्याच्या पिशवीत घालून पिशवी वेताच्या रिंगेला बांधायची. पॉइंट्समनने रिंग उंच धरायची आणि चालत्या इंजिनातून ड्रायव्हरने ती हातात ओवून घ्यायची. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे नेणं हा गुन्हा.

"माहीत आहे काकाजी," सर म्हणाले, "पण एवढीशी रिंग कशी करू?"

बाबांनी पोतं उघडलं. आत त्यांची रिंग होती, त्यांनीच वेत वाकवून बांधलेली, मोठ्या भाकरीहून रुंद. गोळा रेल्वेचा, तो त्यांनी निवृत्त होताना परत केला होता. रिंग तेवढी, रिकाम्या पिशवीसकट, साहेबांनी ठेवू दिली. तेव्हापासून ती घरी खुंटीला होती आणि कुणाला हात लावायची सोय नव्हती.

"सर, मी गेल्यावर ही चुलीत जाईन. तुमी ठेवता का?"

"का नाही! इथं समोरच्या भिंतीवर लावतो, काचेत."

बाबांनी रिंग परत पोत्यात घातली. "टांगाची असन तर घरी खुंटी हाय."

आत्या पुटपुटली, "घ्या, आता रुसला!" मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, पण सरच बोलले. "ठीक. मग जो बटण दाबेल, त्याच्या हातात आधी रिंग पडेल. त्याशिवाय गाडी सुटणार नाही. चालेल?"

बाबांनी पोत्यात हात घालून पिशवी चाचपली. मग म्हणाले, "चालन. पण पिशवीचा पट्टा तुटेल हाय. तुटकं सामान मी कोणाले देत नाही. शिवून आणतो."

"तर तोवर माझी गाडी तुमच्याच स्टेशनवर उभी," सर हसत म्हणाले.

ते खरंच तसं करताहेत. परवा त्यांचा फोन आला: आलेले लोक विचारतात गाडी का थांबली, आणि ते सांगतात, टोकन यायचंय. मी लगेच अकोटला बाबांना विचारलं.

"बॅगा शिवणाऱ्याकडं लय गर्दी हाय," बाबा म्हणाले. "आणि घाई काहून?"

रिंग अजून खुंटीलाच आहे, बाबांजवळच राहणाऱ्या आत्याने सांगितलं. वहीत त्या रविवारच्या पानावर शेवटची ओळ आहे: पिशवीचा पट्टा, जाड दोरा, अकोट. तिच्यावर खूण व्हायची आहे.