गाळणीताईचा शब्द

जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे गाळणीताई म्हणत. थंड खोलीत स्वेटरवर स्वेटर चढवून ती काचेच्या नळीसमोर बसे. वरून जंतूंचा अर्क ओतायचा, खालून थेंब थेंब धरायचा आणि नको ती प्रथिनं मागे टाकत जायची. "ताई, चहा तरी न गाळता प्या," म्हणून सहकारी चिडवत. ती हसे, पण नजर नळीवरून हलत नसे.

गायींचा क्षय ओळखायला मानेच्या कातडीत जो अर्क टोचत, तो सरमिसळीचा होता. मातीतल्या निरुपद्रवी जंतूंची प्रथिनंही त्याच्याशी मिळतीजुळती. त्यामुळे धडधाकट गाईचीही मान सुजे आणि ती हकनाक कत्तलखान्यात जाई. गाळणीताईला फक्त रोगाच्या जंतूत असणारं एकच प्रथिन हवं होतं, निर्भेळ.

अशात धाकट्या भावाचा फोन आला. त्याचा दुधाचा धंदा होता.

"ताई, क्षयाच्या तपासणीत तांबडीची मान सुजलीय. डॉक्टर म्हणतात, काढून टाका. सगळ्यात दुधाळ गाय गं माझी!"

"काही काढू नकोस. ती जुनी तपासणी किती चांगल्या गाई मारते, ते मला विचार. माझं प्रथिन होऊ दे तयार, मग बघू."

भावाने डॉक्टरांना वाटेला लावलं. ताई बोलली म्हणजे झालं! तांबडी बाकीच्यांबरोबर एकाच गव्हाणीत खात राहिली. निदान वेगळी बांध, एवढंही सांगायचं ताईला सुचलं नाही. इतकी तिला खात्री होती.

प्रथिन हाती यायला हिवाळा उलटला. चाचणीसाठी तिने पहिला गोठा भावाचाच धरला. टोचून तीन दिवस झाल्यावर ती कातडीची जाडी मोजायचा चिमटा घेऊन आली. तांबडीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती. शेजारच्या गाईच्याही होती. तिच्या पलीकडच्या गाईच्याही.

"सुजणारच की," भाऊ कसंनुसं हसला. "तूच म्हणायचीस, खोटी सूज असते."

"ती जुन्या अर्काची. ही खरी आहे."

"तुझंच औषध कच्चं असेल. परत टोच."

तिने चिमटा पुन्हा लावून बघितला. आपलं काम कच्चं निघावं, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण ते कच्चं नव्हतं.

"तुझ्या शब्दावर ठेवली मी तिला, ताई."

"हो. माझ्याच."

भावजय दाराशी उभी होती. "वन्सं, पोरं धारेचं दूध तसंच पितात. न तापवता."

ताईने चिमटा खाली ठेवला. "आजच दवाखान्यात ने त्यांना. खोकला नसला तरी ने."

भावजय चपला न घालताच घराकडे धावली. भावाने पुढच्या गाईचं दावं आखडून धरलं, आणि ताईने तिच्या मानेवर हात ठेवला.