मृत घोषित चाफा

सांगू की नको, या विचारात होतो. पण तुम्ही दुसरा कप पुढे सरकवलात, आता माघार नाही. मूर्खपणा करायला शिक्षण लागत नाही, हे खरे. परंतु तो निर्धाराने, सप्रमाण आणि चार लोकांना समजावून सांगत करायचा असेल, तर माझ्याइतके शिक्षण हवेच!

लातुरात आमचे लहानसे घर. पुढे अंगण, अंगणात पांढरा चाफा. फांदी सौभाग्यवतीच्या माहेरची, लोहा गावची. तिच्या आईने स्वतःच्या हाताने इथे लावलेली. सासूबाई आता नाहीत, चाफा आहे. म्हणजे होता. थांबा, सांगतो.

माघात ही लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेली. निघताना म्हणाली, "अहो, पाडव्याला बाळाला घेऊन येऊ. अंगण तेवढं नीट करून ठेवा. अन् माझ्या चाफ्याकडं बघा."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो.

बघितले की! रोज बघितले. बघता बघता त्याची पाने गळाली, आणि एके सकाळी झाडाचा नुसता सांगाडा उभा! लातूरकराला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. नळाला पाणी केव्हा येईल, हे आमच्याकडे पंचांगही सांगू शकत नाही. म्हणून काटकसरीपोटी मी चाफ्याला थेंबही घातला नव्हता. निदान स्पष्ट होते. झाड माझ्या ताब्यात असताना तहानेने मेले होते.

आता मला सांगा, बायकोने आईची आठवण स्वाधीन करून जावे आणि परतल्यावर मी तिला प्रेत दाखवावे? त्यापेक्षा चाफा मुकाट्याने होळीला द्यावा, औसा रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून एक फुललेला गुलाब आणावा आणि कीड लागली होती म्हणून सांगावे. योजना नामी होती. गुन्हेगारांच्या योजना आरंभी सगळ्याच नामी असतात.

करवत शेजारच्या बिराजदार अण्णांची. अण्णा एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत.

"करवत कशाला, सर?"

"चाफा वाळला, अण्णा. होळीला देतो."

अण्णांनी कुंपणावरून डोकावून पाहिले. "वाळला म्हंता? सर, पानं तर दरसाल..."

"अण्णा, मृत्यू एकदाच येतो. दरसाल येत नाही."

अण्णांनी निमूटपणे करवत दिली. एसटीतल्या नोकरीने त्यांना एक शहाणपण शिकवले आहे: प्रवासी हट्टाने चुकीच्या गाडीत बसला, तर वाद घालू नये, तिकीट फाडावे.

पहिली फांदी कापली, आणि शुभ्र दूध घळाघळा वाहू लागले.

"सर, दूध निघायलंय की हो!" अण्णा कुंपणावरून म्हणाले.

"मरणोत्तर स्राव," मी म्हणालो. ही संज्ञा मी जागच्या जागी घडवली. भाषेच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. दुर्दैवाने झाडाला भाषा येत नाही.

समोरच्या फरीदाआपा घरीच शिवणकाम करतात. त्या शिलाई मशीन थांबवून धावत आल्या.

"या अल्ला! सर, शेंड्याला बघा तरी, हिरवं हाय!"

"आपा, विझणारा दिवा क्षणभर मोठा होतो, तसे ते."

"पक्कं मेलंय म्हंता?"

"निःसंशय."

"मग एक फांदी नेऊ का?"

"चुलीसाठी ना? अवश्य न्या!"

आपांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी आभाळाकडे पाहिले.

"मीबी नेतो एक," अण्णा आभाळाला म्हणाले.

मग बातमी गल्लीभर पसरली. एकेक बाई यायची, दुःखी चेहऱ्याने विचारायची, "सर, नक्की मेलंय ना?" आणि फांदी घेऊन जायची. लोकांच्या सहृदयतेने मी भारावलो! घरोघरी गॅस असलेल्या गल्लीत इतक्या चुली कुठे पेटतात, हा प्रश्न काही मला पडला नाही.

गुडघाभर बुंधा जमिनीत राहिला; वरचे खोड मी होळीत अर्पण केले. ते जळेना! नुसते सुस्स करीत धुमसत राहिले. सगळी गल्ली डोळे पुसत होती. मला वाटले, चाफ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून फोन.

"अहो, चाफ्याला पालवी आली का? होळी झाली, आता फुटंलच की."

"पालवी?" माझ्या हातात गुलाबाच्या आळ्यासाठी घेतलेले खुरपे होते. ते पडले.

"माघात झडतो अन् चैतात फुटतो की तो. दरसालचं हाय. जन्मभर पोरांना शिशिर अन् वसंत शिकवलात, कधी खिडकीतनं भायेर बघितलं न्हाई होय?"

नव्हते बघितले! वर्गाच्या खिडक्या मी बंद ठेवीत असे. मुलांचे लक्ष विचलित होते. आणि 'पानगळ हा वृक्षाचा मृत्यू नव्हे, तो विश्राम होय' हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहून देत असे. ज्याच्या उत्तरपत्रिकेत ते नसे, त्याचे गुण कापीत असे.

"मग, कसा हाय चाफा?"

"विश्राम घेतो आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तसाच फरीदाआपांच्या दारात गेलो. अंगणात तेलाच्या डब्यात माती भरून माझी फांदी दिमाखात उभी! पलीकडे अण्णांच्या फुटक्या बादलीत दुसरी. गल्लीत नजर जाईल तिथे डबा, आणि डब्यात मी मृत घोषित केलेला चाफा.

"आपा, ती फांदी... परत मिळेल का?"

"मेलेल्या फांदीचं काय करता, सर?" आपांनी पदर तोंडाला लावला. "चूल पेटवायची काय?"

"आपा, थट्टा नको. तिच्या आईची आठवण आहे."

आपांचे हसू थांबले. "म्हणूनच तर उचलली, सर. भाभी आल्या की त्यांच्या हातात देईन. तुमच्या हातात न्हाई."

कुंपणावरून अण्णा म्हणाले, "माझी पण ताईंनाच. मरणोत्तर स्राव सुकू दिला, सर, मगच लावली!"

पाडव्याला मायलेकी बाळाला घेऊन उतरल्या. अंगण झाडलेले, सडा घातलेला, गुलाब फुललेला. हिने गुलाबाकडे पाहिलेही नाही. बुंध्याजवळ जाऊन उभी राहिली. मी पाठ केलेले निवेदन सुरू केले, "त्याचे असे झाले की..."

"गप बसा जरा."

ती वाकली. बुंध्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब आला होता. बराच वेळ तिने त्याच्यावर बोट टेकवून ठेवले. मग प्रवासातली पाण्याची बाटली तिथे रिकामी केली, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"एक पाटी आणा. अन् रंग. मी सांगते तसं लिहा."

लिहिले. बुंध्याला आता पाटी आहे: 'हे झाड जिवंत आहे. घरमालकांनी हात लावू नये.' शेजारी आपांनी आणि अण्णांनी हिच्याच हातात दिलेल्या दोन फांद्या उभ्या आहेत. येणारे-जाणारे थांबून पाटी वाचतात आणि अक्षर फार सुरेख आहे म्हणतात.

तो गुलाब मात्र परवा वाळला. खरोखर वाळला आहे हो! पण करवत राहू द्या, गल्लीत मला आता खुरपेसुद्धा कुणी देत नाही.