रिसेप्टरच्या शेपटाला लावलेला दिवा

“मुग्धा, हे आता बंद करू. फरक नाही म्हणजे नाही,” तिचे गाइड असलेले सर म्हणाले आणि निघून गेले. मुग्धा स्क्रीनकडेच बघत राहिली. तिची पीएचडी याच प्रयोगावर उभी होती.

मी वसईतल्या एका खासगी लॅबमध्ये मायक्रोस्कोप सांभाळते. लोक पेशी आणतात, मी फोटो काढून देते. वादही माझ्याच खोलीत होतात, कारण एसी इथेच बरा चालतो.

प्रश्न साधा होता. सेरोटोनिन हे मेंदूत निरोप नेणारं रसायन. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर तो निरोप घेतो आणि आत पोचवतो. पण पेशी या रिसेप्टरला सारखी आत ओढत असते. त्याला वर धरून ठेवतं ते स्कॅफोल्ड प्रोटीन. आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगला सध्या रंगकामाची परांची बांधली आहे. ती आहे म्हणून पेंटर भिंतीशी टिकतो, तसंच काहीसं. मुग्धाचं म्हणणं, स्कॅफोल्ड काढलं की रिसेप्टर आत जाईल आणि निरोप मंदावेल. तिने काढून बघितलं. दोन्हीकडचे फोटो सारखेच.

“ताई, बाबांना काय सांगू?” तिने विचारलं. “अख्ख्या चांदीप गावाला सांगून बसलेत, पोरगी डॉक्टर होनार म्हनून.”

मला वाईट वाटलं. पण धीर देणं मला जमत नाही, म्हणून कामाचंच विचारलं. रिसेप्टर फोटोत दिसावा म्हणून त्याला चमकणारं एक प्रोटीन जोडतात. त्याला टॅग म्हणतात.

“टॅग कुठल्या टोकाला आहे गं?”

“शेपटाला. सरांच्या प्लास्मिडमध्ये पहिल्यापासून तसाच आहे.”

“आणि स्कॅफोल्ड रिसेप्टरला धरतं कुठे?”

ती खुर्चीत सरळ बसली. मग हळूच म्हणाली, “शेपटाच्या टोकालाच.”

प्लास्मिड म्हणजे पेशीत घालायचा डीएनएचा तुकडा; टॅगसकट रिसेप्टर बनवायची कृती त्यातच असते. लॅबमध्ये तो विरजणासारखा फिरतो. शेजारून आणला, दही लागलं, की मूळ कुणी विचारत नाही. हा छान चमकायचा, एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं. टॅगने नेमकं धरायचं टोकच झाकलं होतं. मग स्कॅफोल्ड असलं काय नि नसलं काय!

आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. मुग्धाने सगळं सांगितलं.

“याच प्लास्मिडवर माझा पेपर आहे,” सर म्हणाले.

“म्हणूनच आलोय,” मी म्हणाले.

सरांनी स्वतःचा पेपर उघडून प्लास्मिडचं चित्र बघितलं. “दुसऱ्या टोकाला लाव,” शेवटी मुग्धाला म्हणाले. “बघू.”

नवा प्लास्मिड बांधण्यात काही महिने गेले. या वेळी स्कॅफोल्ड असलेल्या पेशींची कड उजळली होती. नसलेल्यांत उजेड आत ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेला. सेरोटोनिन घातल्यावर त्यांच्यातला निरोपही मंद निघाला. मुग्धाने मला मिठी मारली, मायक्रोस्कोपला धक्का लागला आणि मी तिच्यावर ओरडले.

तिचा प्रबंध बुडता बुडता वाचला. सरांनी जुन्या पेपरची दुरुस्ती जर्नलला पाठवली, आणि पाठवण्याआधी मुग्धाकडून तपासून घेतली. मला त्यांचा आदर वाटला, पण तसं मी त्यांना सांगितलेलं नाही.

हल्ली कुणी ‘काही फरक नाही’ म्हणत आलं, की मी आधी टॅगचं टोक विचारते. लोकांना राग येतो. येऊ दे.